वच्छलाकाकूंच्या घरच्यांचं नाव

आमच्या ले-आउटच्या कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे, त्या प्लॉटवर कचऱ्याचा ढीग आहे, आणि त्या ढिगाला आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू 'आमच्या घरचे' म्हणतात.

थट्टेने नाही. पूर्ण आदराने. "आमच्या घरच्याईवर आज पुन्हा कोणी फाटकी गादी फेकून गेलं वं," असं त्या दारातून ओरडून सांगतात आणि नवखा माणूस जागीच थिजतो.

कारण असं आहे. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. काकूंच्या दिवंगत यजमानांचं नाव उकंडराव. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा काकूंचा नेम, आणि नेम इतका कडक की त्या नावाच्या जवळपास फिरकणारा शब्दसुद्धा त्यांनी लग्नानंतर कधी उच्चारलेला नाही. मग ढिगाला म्हणायचं काय? आमच्या घरचे!

या ढिगासाठी मी सह्या गोळा केल्या, पत्रक काढलं, दारोदार वाटलं, आणि एक दिवस महापालिकेचा माणूस खरोखरच पाहणीला आला. हा पहिला धक्का. दुसरा लगेच बसला. काकू सगळ्यांना बाजूला सारून पुढे झाल्या.

"साहेब, आमच्या घरच्याईच्या अंगावर डुकरं लोळून राहिले. दिवाळी झाली तवापासून कोणी उचलून नाही राहिलं."

साहेबांच्या हातातला पेन थांबला. "आजी, मग तुम्ही त्यांना घरात का नाही घेत?"

"घरात कायले घेऊ? वास नाही सुटणार? ट्रॅक्टर पाठवा!"

सगळी गल्ली पोट धरून हसली. मी हसले नाही. मी संतापले. चांद्रयानाच्या गोष्टी करणाऱ्या देशात एक बाई उकिरड्याला उकिरडा म्हणू शकत नाही, आणि लोक हसतात?

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. 'नवऱ्याला नाव आहे, ते वापरा!' संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ते प्रत्येक बाईच्या हातात दिलं. काकूंनी दोन जास्तीची मागून घेतली. मला वाटलं, ठिणगी पडली! चार दिवसांनी त्यांच्याकडे वडे खायला गेले तर वड्यांखाली माझंच पत्रक.

"तुह्या कागदावर तेल मस्त शोषते वं पोरी," काकू म्हणाल्या. "पुढच्या टायमाले जरा मोठा छाप."

उकंडराव हे नाव तरी कुठून आलं, हे ऐकलं तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर त्यांच्या आईने त्यांना उकंड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने उचललं आणि 'मले सापडलं, तू सांभाळ' म्हणून परत आईच्याच ओटीत घातलं. मरणाला वाटावं, हे टाकाऊ पोर आहे, हे नेऊन काय करायचं.

"काकू, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. मरण काय इतकं भैताड आहे?"

"नाही तं का! याईचे केस पांढरे होईपर्यंत समजलं नाही त्याले."

यावर कोणत्या पत्रकात उत्तर आहे?

उकंडरावांना मी पाहिलेलं आहे. लकडगंजात लाकडं कापायच्या एका आरामशीनवर आयुष्य काढलेला, कमी बोलणारा, सदऱ्याच्या खिशातून कायम भुसा सांडणारा माणूस. काकू त्यांना 'ऐकलं का' म्हणायच्या, 'अवो' म्हणायच्या, आणि राग आला की भिंतीकडे तोंड करून 'काही काही लोकाईले समजतच नाही' म्हणायच्या. लग्नात उखाणा घ्यायची पाळी आली तेव्हा नावाच्या जागी त्या खोकल्या होत्या. पुढे प्रत्येक मंगळागौरीला, प्रत्येक डोहाळजेवणाला त्या त्याच जागी खोकत आल्या. बँकेत, गॅसच्या दुकानात, मतदानाच्या चिठ्ठीसाठी कोणी 'पतीचं नाव?' विचारलं की काकू पदर सारून उजवा हात टेबलावर ठेवतात. मनगटाच्या वर, हिरव्या गोंदणात, अक्षरं पसरलेली: उकंडराव. कारकून मान वाकडी करून वाचतो आणि लिहून घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर अशा या घरात गेल्या वर्षी नातू झाला.

काकूंचा मुलगा प्रशांत, आमचा प्रशांतदादा, बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टवर असतो. त्याची बायको स्नेहल रामदासपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. स्नेहल माझ्या बाजूची बाई आहे. ती नवऱ्याला 'प्रशांत' म्हणते, चारचौघांत म्हणते, आणि तो 'ओ' देतो. बाळाचं नाव तिने सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं: अद्विक.

"म्हणजे का होते?" काकूंनी विचारलं.

"अद्वितीय, आई. ज्याच्यासारखा दुसरा नाही तो."

"मांगच्या गल्लीत दोन आहेत. एक त्या इस्त्रीवाल्याच्या घरी आहे."

"मी काय म्हणून राहिलो…" प्रशांतदादा म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य आहे. ते पुढे कधी जात नाही.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. दादाला सख्खी बहीण नाही, म्हणून बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगायचं असं ठरलं होतं आणि मी त्यालाही तत्त्वतः विरोध करून शेवटी हो म्हटलं होतं. स्नेहलने विचारलं, "मग तुम्ही सुचवा, आई."

काकूंनी पदर सारला. उजवा हात टीपॉयवर ठेवला.

स्नेहलने हाताकडे पाहिलं, मग सासूकडे, मग मांडीवरच्या बाळाकडे.

"हे?" ती म्हणाली. "माझ्या लेकराचं नाव… हे?"

"हव."

"आई, उकंडा म्हणजे कचराकुंडी!"

"तू म्हण. मी नाही म्हणत."

मी हादरले. या काळात, या शहरात, कचरा वेगळा करायच्या दोन-दोन बादल्या घरोघरी आलेल्या असताना, जिवंत मुलाचं नाव उकंडराव? स्नेहल रडकुंडीला आली होती, पण तिने मुद्दा सोडला नाही.

"मी दिवसभर पेशंटची नावं पुकारते, आई. मागच्या आठवड्यात एक म्हातारे आले होते, झिंगरूजी म्हणून. मी पुकारलं आणि आख्खा हॉल हसला. ते बिचारे उठलेच नाहीत. नंबर गेला तरी बसून राहिले. माझा मुलगा असा बसून राहिलेला मला नाही पाहायचा."

हे ऐकून माझी खात्री पटली की स्नेहल शंभर टक्के बरोबर आहे. मग काकूंनी आपलं कारण सांगितलं, आणि माझी पंचाईत झाली.

"सारी जिंदगी त्या माणसाच्या मांगं 'अवो, अवो' करत फिरली मी," काकू म्हणाल्या. "बजारात चुकामूक झाली तं हाक मारता नाही ये. भांडाचं म्हटलं तं नाव घेऊन भांडता नाही ये. आता हे पोट्टं मोठं होऊ द्या. नाव घेऊन हाका मारीन. नाव घेऊन धपाटे घालीन. दिवसभर घेईन, मोहल्ल्याले ऐकू जाईन असं घेईन! माह्या नातवाचं नाव आहे, मले कोण अडवते?"

मी विचारते, यात चूक काय होतं? हा तर बंडाचा झेंडा होता! इतकी वर्षं गिळलेला शब्द बाई परत मागत होती, व्याजासकट. माझ्या पत्रकात जे नव्हतं ते या बाईच्या डोक्यात होतं. एका बाजूला स्त्रीचा आवाज, दुसऱ्या बाजूला बालकाचा हक्क. मी दोन्हींच्या बाजूने घोषणा दिलेल्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणत्या बाजूला उभं राहावं ते कळेना.

"मी काय म्हणून राहिलो…" प्रशांतदादा म्हणाला.

"तू गप रे!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या पूर्ण महिन्यात सासू-सुनेचं एकमत झालं ते एवढंच.

मग आठवडाभर त्या घरात भांड्यांचेच आवाज. काकू बाळाला 'माह्या भाऊ', 'राजा', 'बाबू' म्हणायच्या आणि स्नेहल मुद्दाम ऐकू जाईल असं 'अद्विक, दूध पिणार का' म्हणायची. शेवटी स्नेहलनेच तोड काढली. पोरगी हुशार आहे. तिने मला साक्षीला बोलावलं.

"आई, तुम्हाला ते नाव मोहल्ल्याला ऐकवायचं आहे ना? मग बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी तुम्हीच घ्या. बाळाच्या कानात, फक्त एकदा. ही आत्या बाजूला उभी राहील. तुम्ही नाव घेतलं असं ही म्हणाली, तर तेच ठेवू. मी कागदावरही तेच लिहीन. नाही घेतलं तर अद्विक."

"हिले काहून?"

"हिला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर हिच्याशी कोणाचं पटत नाही."

मी हे कौतुक म्हणून घेतलं.

काकूंनी बराच वेळ साडीचा काठ चाचपला. "कबूल," म्हणाल्या.

स्नेहलला वाटलं, ती जिंकली. मलाही तसंच वाटलं. ज्या बाईने कारकुनापुढे हात पसरला पण शब्द काढला नाही, ती भरल्या घरात काढेल?

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी किसणी परत करायला काकूंकडे गेले. स्नेहल बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. चालू म्हणजे, थांबतच नव्हता. चटणीला इतका वेळ लागत नाही. मी आत डोकावले.

मिक्सरचं भांडं रिकामं होतं. झाकण बाजूला पडलं होतं. काकू ओट्यावर दोन्ही हात टेकून, मिक्सरवर वाकून, त्याच्यात काहीतरी बोलत होत्या. ओठ हलत होते. त्या बटण दाबायच्या, घरघर सुरू झाली की बोलायच्या, बंद करायच्या, इकडेतिकडे पाहायच्या, पुन्हा दाबायच्या. मोटर तापल्याचा वास सुटला होता.

मला पाहून त्यांनी बटण बंद केलं आणि भांडं नळाखाली धरलं, जसं काही त्यात खरंच चटणी होती.

"जमून राहिलं का, काकू?" मी विचारलं.

"पयलं अक्षर आलं," त्या म्हणाल्या. "मग खोकलाच येते."

मी किसणी ठेवली आणि आले. मला त्यांचा राग आला होता, की त्या शब्दाचा, की तो शब्द इतका जड करून ठेवणाऱ्या सगळ्या जगाचा, ते अजून ठरलेलं नाही.

बारशाला घर गच्च भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या, बायकांचा कलकलाट. काकू दाराजवळ उभ्या होत्या, कारण एका नातेवाईक बाईने 'विधवेनं आधी पुढे होऊ नये' असं काहीतरी हळूच म्हटलं होतं. मी तोंड उघडणार, माझ्याकडे या विषयावर तयार पत्रक आहे, तोच स्नेहल पाळण्यापासून उठली, गर्दीतून गेली आणि सासूचा हात धरून त्यांना पुढे घेऊन आली.

"आधी आई," ती म्हणाली. बस. एवढंच. ती नातेवाईक बाई बाजूला सरकली. मीही माझं पत्रक गिळलं.

काकू पाळण्यावर वाकल्या. ठरल्याप्रमाणे मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकले. बाळ गाढ झोपलं होतं, मुठी वळून. काकूंच्या गळ्यातून आधी खाकरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, आला खोकला.

खोकला आला नाही. त्यांनी बाळाच्या कानावरचं टोपरं बोटाने सारलं आणि म्हटलं, "उकंडराव."

स्वच्छ. सगळी अक्षरं. मग थोडं थांबून पुन्हा, "उकंडराव. अवो, मी आहे."

मी तशीच वाकलेली राहिले. काकू मात्र सरळ झाल्या, पदर खांद्यावर नीट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही जमलं बाप्पा मले. सुनबाई, तुमचंच ठेवा. अद्विक."

काय? मी अक्षरशः ओरडायच्या बेतात होते. ही बाई जिंकली होती! शब्द उच्चारला होता, साक्षीदार हजर होता, आणि ही हरल्याचं जाहीर करत होती! स्नेहलही गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं. "खरंच? नाही घेतलं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकूंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द तिथेच मोडला. बायकांना वाटलं आत्याने नाव सांगितलं, आणि त्यांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्के घालायला सुरुवात केली. ही निव्वळ हिंसा आहे, आणि यावर कोणी काही लिहीत नाही. 'कुर्र' म्हणून बाळाच्या कानात मी 'अद्विक' सांगितलं ते त्या माराखालीच. प्रशांतदादा कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. तो काय म्हणून राहिला होता, ते याही वेळी कळलं नाही.

बायका घुगऱ्यांकडे वळल्या तशी मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

"काकू, तुम्ही खोटं बोललात! आणि मलाही बोलायला लावलंत!"

"हळू बोल वं."

"का हळू? तुम्ही नाव घेतलंत! दोनदा! मग ठेवलं का नाही?"

"लेकराले कायले ठेवाचं असलं नाव?" काकू म्हणाल्या. "शाळेत पोट्टे नाही हसणार? मले का समजत नाही? स्नेहल पयल्या दिवसापासून बरोबर बोलून राहिली."

"मग हा सगळा महिना? भांडण? ती शर्यत?"

काकू पातेल्यातल्या घुगऱ्या डावाने उगाच खालीवर करत होत्या.

"याईले दवाखान्यात ठेवलं होतं ना," त्या म्हणाल्या, "तवा डोळे मिटून पडले होते. डॉक्टरीणबाई मोठी भली होती. मले म्हणे, आजी, नाव घेऊन हाक मारा. जोरानं मारा. घरच्या माणसाचा आवाज कधी कधी पोचते. कानानं आधीच कमी ऐकू ये त्याईले, आरामशीनीनं कान खाल्ले होते. मी म्हटलं, अवो. पुन्हा म्हटलं, अवो. त्या हॉलमधी सारेच कोणाचे ना कोणाचे 'अवो' होते वं. तिकडच्या खाटेवरच्या एका माणसानं मान वळवली. याईनं नाही."

बाहेर कोणीतरी पाळणा म्हणत होतं.

"डॉक्टरीणबाई म्हणे, असं नाही आजी, नाव घ्या. मी तोंड उघडलं. तं खोकला आला."

डाव थांबला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काही नाही. मंग प्रशांत आला, त्यानं बाबा बाबा केलं. पण त्याचा आवाज नव्हता त्याईले पाह्यजे." काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "एकदा नाव घ्याचं राह्यलं होतं. पण बिनकामाचं घरात बसून नाव घेतलं असतं तं लोक म्हणाले असते बुढी भैसाटली. आणि मले घेता बी आलं नसतं. सुनेनं शर्यत लावली म्हणून आलं." मग त्या अगदी व्यवहाराची गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, "आणि हे पोट्टं आत्ताच तिकडून आलं आहे. त्याच्या कानात सांगतलं तं पोचंल."

इथून तिकडे काही पोचत नाही. मेल्यानंतर तिकडे काही नसतं. हे मी छापलेलं आहे, वाटलेलं आहे, त्यासाठी शिव्या खाल्लेल्या आहेत. काकूंना ते माहीत होतं. म्हणूनच बहुधा त्यांनी 'पोचलं असंल का' असं मला विचारलं नाही.

त्यांनी दुसरंच विचारलं.

"तू तं बाजूलेच होती. साफ आलं ऐकू?"

"साफ आलं, काकू."

"मी इतके दिवस सगळ्याईले सांगून राहिली होती ना, भांडासाठी नाव पाह्यजे म्हणून." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग… रागावल्यासारखा तं नाही वाटला आवाज?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही वाटला."

"मंग ठीक आहे," काकू म्हणाल्या, आणि घुगऱ्यांचं पातेलं उचलून बाहेर गेल्या.